आईच्या फाईलवरचे ५० ग्रे : किरणोत्सर्ग शरीराला केव्हा घातक ठरतो?

घनसावंगी तालुक्यातील एका शिक्षकांनी पाठवलेल्या प्रश्नाचा आशय असा आहे. त्यांच्या ५८ वर्षांच्या मातोश्रींना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला असून छत्रपती संभाजीनगर येथे त्यांना बाहेरून २५ शेक (म्हणजे किरणोपचार) आणि त्यानंतर आतले शेक देण्याचे ठरले आहे. फाईलवर ‘५० ग्रे’ असे लिहिलेले त्यांनी पाहिले, आणि त्याच रात्री इंटरनेटवर ४ ग्रे किरणोत्सर्गाने माणूस दगावतो असे वाचले. तेव्हापासून उपचाराला होकार द्यावा की नाही, या पेचात ते आहेत. घरात सहा महिन्यांची गरोदर वहिनी आहे आणि तिने सासूबाईंपासून लांब राहावे असा सल्ला शेजारीपाजारी देत आहेत. मातोश्रींचे दोन सीटी स्कॅन झाले आहेत, त्याचीही काळजी आहे. समोरच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर आहे, हा आजार त्यानेच झाला का, असे ते विचारतात. थोरला भाऊ जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका पोलाद कारखान्यात भंगार उतरवून घेण्याच्या कामावर आहे, त्याला काही धोका आहे का, हेही त्यांनी शेवटी जाता जाता विचारले आहे.

मी वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ आहे. कर्करोगाच्या रुग्णालयात किरणांची मात्रा मोजणे, ती कोठे किती पडेल याची आखणी करणे आणि ती नको तेथे पडणार नाही हे पाहणे, हे माझे काम. आजाराची अवस्था आणि औषधे यांविषयी त्यांच्या डॉक्टरांनीच बोलावे. मात्रेविषयी मात्र मी अधिकाराने सांगू शकतो, आणि पहिली गोष्ट ही की वाचलेले दोन्ही आकडे खरे आहेत. उपचार जरूर घ्यावा. हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे कसे असू शकतात, हे एकदा समजले की उरलेल्या प्रश्नांची उत्तरे बरीचशी आपोआप सापडतात.

किरणोत्सर्ग म्हणजे जागेवरून जागेवर जाणारी ऊर्जा. रेडिओच्या लहरी, चुलीची धग, सूर्यप्रकाश, क्ष-किरण आणि गॅमा किरण ही सगळी एकाच कुळातली आहेत. फरक आहे तो प्रत्येक कणाने एका वेळी वाहून नेलेल्या ऊर्जेचा. शरीरातील एखाद्या रेणूमधून इलेक्ट्रॉन उखडून काढायचा असेल, तर ढोबळमानाने १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जा मोजण्याचे अतिशय लहान एकक) किंवा त्याहून अधिक ऊर्जा एकाच फटक्यात लागते. दिसणाऱ्या प्रकाशाच्या कणाजवळ ती २ ते ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. मोबाईलच्या लहरींच्या कणाजवळ ती एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचे काही दशलक्षांश एवढीच असते. छातीच्या एक्स-रेमध्ये ती हजारोंच्या घरात जाते, कोबाल्ट-६० या मूलद्रव्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांत ११ लाख ७० हजार आणि १३ लाख ३० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, आणि शेक देणाऱ्या लिनिअर ॲक्सिलरेटर या यंत्रात ती ६० लाखांपर्यंत किंवा त्याहूनही वर नेता येते. इलेक्ट्रॉन उखडण्याची ही क्रिया म्हणजे आयनीकरण. ते करू शकणारे किरण आणि ते करू न शकणारे किरण यांच्यामध्ये सरळ रेघ आहे, आणि टॉवरच्या प्रश्नाचे उत्तर या रेघेपाशीच मिळते. उन्हातील अतिनील किरण मात्र या रेघेच्या अगदी काठावर बसतात: ते बहुतांशी आयनीकरण करत नाहीत, तरीही त्वचेतील डीएनएला थेट बिघडवतात. आपल्याकडच्या उन्हात वर्षानुवर्षे राबणाऱ्या माणसाला टॉवरपेक्षा ऊनच अधिक बाधते, हे येथे नमूद करून पुढे जातो.

शरीरात शोषल्या गेलेल्या मात्रेचे एकक ग्रे आहे. एक किलो ऊतीमध्ये एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की ती मात्रा एक ग्रे होते. आता ४ ग्रेचा हिशेब करून पाहावा. साऱ्या शरीरावर एका वेळी ४ ग्रे पडले तर शरीराचे तापमान सुमारे एक सहस्रांश अंशाने वाढते, म्हणजे कोणत्याही तापमापकावर ते दिसणारही नाही. किरण भाजून मारतात ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. इतकी थोडी ऊर्जा प्राण घेऊ शकते, कारण ती पेशीच्या अत्यंत मोक्याच्या जागी, डीएनएवर, घाव घालते. शरीराचा बहुतेक भाग पाणी असल्यामुळे क्ष-किरणांचा मोठा वाटा आधी पाण्याच्या रेणूंवर आदळतो, त्यातून हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय चिडखोर तुकडे तयार होतात आणि तेच डीएनएचे धागे तोडतात; एकूण नुकसानीपैकी सुमारे दोन तृतीयांश नुकसान या आडमार्गाने होते. एक ग्रे मात्रेत प्रत्येक पेशीमध्ये डीएनएचा एक धागा तुटण्याच्या सुमारे १,००० घटना आणि दोन्ही धागे एकाच जागी तुटण्याच्या सुमारे ४० घटना घडतात. एका धाग्याचे तुटणे पेशीला नवे नाही. श्वासोच्छ्वास आणि पचन चालू असतानाच रोज प्रत्येक पेशीत असे हजारो घाव होतात आणि समोरचा शाबूत धागा पाहून ते भरून काढले जातात. दोन्ही धागे तुटले की नमुनाच हरवतो. तेव्हा तीन गोष्टी संभवतात: पेशी दुरुस्ती करते, किंवा पुढच्या विभाजनाच्या वेळी मरते, किंवा चुकीची दुरुस्ती करून जगत राहते. ‘किरणोत्सर्गाचे दुष्परिणाम’ म्हणून जे जे सांगितले जाते, ते सगळे दुसऱ्या आणि तिसऱ्या शक्यतेतून येते.

साऱ्या शरीरावर थोड्या वेळात ४ ग्रे पडल्यावर माणूस दगावतो तो पहिल्यांदा अस्थिमज्जेमुळे. रक्तपेशी तयार करणाऱ्या मज्जेतील पेशी सतत विभाजित होत असतात, आणि विभाजनाच्या वेळीच तुटलेला डीएनए पेशीला गाठतो. मात्रा मिळाल्यावर काही तासांत उलट्या होतात, एक-दोन दिवसांत रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी घसरतात, मग काही दिवस माणूस बरा वाटतो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी व प्लेटलेट तळाला जातात. उपचार मिळाले नाहीत तर अशा व्यक्तींपैकी साधारण निम्म्या दोन महिन्यांच्या आत जंतुसंसर्गाने किंवा रक्तस्रावाने मरण पावतात. मात्रा ८-१० ग्रेच्या वर गेली तर आतड्याचे अस्तरच नव्याने तयार होत नाही आणि मृत्यू आणखी लवकर येतो. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाल्यानंतर १३४ कर्मचारी आणि आपत्कालीन कामगार या तीव्र किरणोत्सर्ग आजाराने ग्रासले आणि त्यांपैकी २८ जण पहिल्या काही महिन्यांतच दगावले. याची उलट बाजूही आमच्या क्षेत्रात पाहायला मिळते. रक्ताच्या कर्करोगात मज्जा प्रत्यारोपणापूर्वी काही रुग्णांच्या साऱ्या शरीराला जाणूनबुजून १२ ग्रे मात्रा, साधारणतः तीन दिवसांत सहा हप्त्यांत, दिली जाते. ते रुग्ण जगतात, कारण लगोलग त्यांना नवी मज्जा दिली जाते.

मातोश्रींच्या ५० ग्रेचा हिशेब तीन बाबतींत वेगळा आहे. ही मात्रा साऱ्या शरीरावर पडत नाही. ओटीपोटाच्या आखलेल्या भागावरच पडते, आणि डोके, छाती, हातपाय यांना त्यातील अत्यल्प अंश विखरून पोहोचतो. ही मात्रा एका वेळी दिली जात नाही. रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, अशी पाच आठवड्यांत विभागली जाते. आणि ती एका दिशेने येत नाही. अनेक दिशांनी येणारे झोत गाठीपाशी एकत्र मिळतील अशी आखणी असते. आपल्याकडे वर्षाचा पाऊस जून ते सप्टेंबर असा विभागून पडला तर सोयाबीन, तूर हाताला लागते आणि तोच पाऊस एका रात्रीत कोसळला तर पिकासकट माती वाहून जाते. मात्रेच्या बाबतीत काळाचे महत्त्व इतकेच थेट आहे.

दोन शेकांच्या मध्ये किमान सहा तास तरी असावे लागतात, कारण निरोगी पेशींची दुरुस्ती बहुतांशी या काळात उरकते. कर्करोगाच्या पेशींची ही दुरुस्तीची यंत्रणा बहुधा मोडकळीस आलेली असते आणि त्या घाईने विभाजित होत असतात, म्हणून रोजच्या दोन ग्रेनंतर निरोगी ऊतीचे नुकसान बरेचसे भरून निघते आणि गाठीचे नुकसान साठत जाते. हा फरक एका दिवसात अगदी लहान असतो. तो २५ वेळा साठवल्यावर गाठ नाहीशी करण्याइतका मोठा होतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत एकाच वेळी मोठी मात्रा देऊन पाहणाऱ्या डॉक्टरांच्या रुग्णांच्या त्वचेवर आणि आतड्यांवर जे भयंकर परिणाम झाले, त्यांतून ही विभागणीची पद्धत शिकली गेली.

म्हणून काहीच त्रास होणार नाही, असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब, लघवीला जळजळ आणि थकवा येतो, कारण आतड्याचे आणि मूत्राशयाचे अस्तर झोताच्या वाटेत असते. कंबरेच्या हाडांत प्रौढ माणसाच्या कार्यरत मज्जेचा मोठा वाटा असतो, शिवाय सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे औषध बहुधा दिले जाते. यामुळे दर आठवड्याला रक्त तपासतात आणि ती तपासणी चुकवू नये. महिन्या-वर्षांनी काही रुग्णांना गुदाशयातून रक्त पडते किंवा योनीमार्ग अरुंद होतो. फार वर्षांनी त्या भागात दुसरा कर्करोग होण्याची शक्यताही थोडी वाढते. हे सगळे आखणी करतानाच हिशेबात धरलेले असते. गुदाशयाला, मूत्राशयाला आणि लहान आतड्याला जास्तीत जास्त किती मात्रा चालेल याच्या मर्यादा आमच्यासमोर असतात आणि त्या पाळूनच आराखडा मंजूर होतो. यातली एक गोष्ट मात्र रुग्णाच्याच हातात असते. शेकाआधी सांगितले तेवढे पाणी पिऊन लघवी रोखून धरा असे रोज सांगितले जाते, तो निव्वळ नियम म्हणून नव्हे. भरलेले मूत्राशय लहान आतड्याला वर ढकलून झोताच्या बाहेर ठेवते. ज्या बाईने हे नीट पाळले तिला जुलाबाचा त्रास कमी होतो, हे आम्ही रोज पाहतो. अंगावर काढलेल्या खुणा अंघोळीत घासून काढू नयेत, हेही तितकेच महत्त्वाचे, कारण झोत मिलिमीटरच्या हिशेबाने त्या खुणांवर जुळवला जातो.

मराठवाड्यात शेकामुळे होणारे सर्वांत मोठे नुकसान कोणते, असे मला कोणी विचारले तर माझे उत्तर ‘अर्धवट सोडलेला शेक’ हे असेल. पंधरा-सोळा शेक झाले की रक्तस्राव थांबतो, वेदना कमी होतात, बाईला बरे वाटू लागते. तेवढ्यात सोयाबीनची काढणी येते, दिवाळी येते, किंवा घरातील माणसे ऊसतोडीला निघतात आणि उपचार थांबतो. गाठीतल्या उरलेल्या पेशी या खंडात अधिक वेगाने वाढतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरचे आणि आतले मिळून सगळे शेक आठ आठवड्यांच्या आत संपावेत असा जगभरचा संकेत आहे, आणि त्यापुढे लांबणाऱ्या प्रत्येक दिवसागणिक आजार आटोक्यात राहण्याची शक्यता अर्धा ते एक टक्क्याने घटते असे अभ्यासांत आढळले आहे. अर्धी मात्रा घेणाऱ्या रुग्णाच्या वाट्याला त्रास बहुतेक पूर्ण येतो आणि लाभ अर्धाही येत नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत शेकांचा उपचार समाविष्ट आहे. खरी अडचण असते ती सव्वा-दीड महिना शहरात राहण्याची, तेव्हा होकाराबरोबरच मुक्कामाची सोय आणि सोबतीला कोण राहील हे आताच ठरवून टाकावे.

वहिनींच्या बाबतीत शेजाऱ्यांचा सल्ला साफ चुकीचा आहे. लिनिअर ॲक्सिलरेटर विजेवर चालतो. वेगवान इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या पत्र्यावर आदळवून त्यात क्ष-किरण निर्माण केले जातात, आणि यंत्र बंद झाले की त्या क्षणी किरणही संपतात. कोबाल्टच्या यंत्रात, जसे भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले भाभाट्रॉन, किरण देणारा स्रोत कायम जागा असतो, पण शेक संपताच तो जाड कवचात परत जातो. दोन्ही प्रकारांत रुग्णाच्या अंगातून किरण आरपार जातात किंवा तेथेच शोषले जातात. रुग्ण स्वतः किरण देऊ लागत नाही. आतल्या शेकात इरिडियम-१९२ चा मिलिमीटरभर जाडीचा स्रोत नळीवाटे काही मिनिटांसाठी आत जातो आणि परत यंत्रात येतो, मागे काही राहत नाही. त्यामुळे मातोश्रींनी नातवंडांना मांडीवर घ्यावे, सुनेच्या हातचे जेवावे, एका खोलीत झोपावे. सोबत आलेल्या वहिनी बाहेरच्या प्रतीक्षागृहात बसल्या तरीही हरकत नाही. यंत्राच्या खोलीच्या भिंती मीटरभराहून जाड काँक्रीटच्या असतात आणि बाहेरच्या माणसाला वर्षभरात १ मिलिसिव्हर्टपेक्षा (क्ष-किरणांच्या बाबतीत हे एका मिलिग्रेएवढेच) अधिक मात्रा मिळू नये, या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मर्यादेनुसार त्या बांधलेल्या असतात. शेजाऱ्यांनी ऐकलेली गोष्ट बहुधा थायरॉइडच्या रुग्णाची असावी. थायरॉइडच्या काही आजारांत आयोडीन-१३१ हे किरणोत्सर्गी औषध पोटात दिले जाते, त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे आहे, आणि तो रुग्ण काही दिवस खरोखरच किरण देत असतो. त्याने गरोदर स्त्रिया व लहान मुले यांपासून सांगितलेले दिवस दूर राहिलेच पाहिजे. पोटातील गर्भ किरणांना अधिक संवेदनशील असतो, विशेषतः ८ ते १५ आठवड्यांत मेंदूची घडण चालू असताना, हे खरे आहे. तरीही गर्भाला १०० मिलिग्रेपेक्षा कमी मात्रा मिळाल्यास व्यंग येत नाही, असा आजवरच्या अनुभवाचा निष्कर्ष आहे, आणि छातीच्या एक्स-रेमधून गर्भाला एक मिलिग्रेचा शंभरावा भागही पोहोचत नाही.

सीटी स्कॅनचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. येथे मात्रा इतकी लहान असते की पेशी मरून दिसणारे परिणाम होत नाहीत. त्वचा लाल व्हायला एका जागी एका वेळी सुमारे २ ग्रे आणि केस तात्पुरते गळायला सुमारे ३ ग्रे लागतात. उरतो तो चुकीच्या दुरुस्तीतून पुढे कधीतरी कर्करोग होण्याचा संभव, आणि त्याचा हिशेब सिव्हर्ट या एककात करतात. क्ष-किरण आणि गॅमा किरणांसाठी एक ग्रे म्हणजे एक सिव्हर्ट धरतात. या संभवाविषयी आपल्याला जे कळले आहे ते प्रामुख्याने ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी येथे अणुबॉम्बमधून वाचलेल्या सुमारे ९४ हजार लोकांच्या दशकानुदशके चाललेल्या पाहणीतून. तेथे रक्ताचे कर्करोग काही वर्षांतच वाढलेले दिसले, इतर कर्करोग दहा वर्षांनंतर वाढू लागले. त्या लोकांच्या पुढे जन्मलेल्या मुलांमध्ये मात्र आनुवंशिक दोष वाढल्याचे सिद्ध झालेले नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर धरला जाणारा अंदाज असा की १ सिव्हर्ट मात्रेमागे जीवघेण्या कर्करोगाचा संभव सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये सुमारे १० मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते, म्हणजे या हिशेबाने दोन हजारांत एक एवढा वाढीव संभव होतो. भारतात आयुष्यभरात कर्करोग होण्याचा एकूण संभव नऊ जणांत एक असा मांडला जातो. त्यापुढे ही भर लहान आहे, आणि ५८ व्या वर्षी ती आणखी घटते, कारण असे परिणाम दिसायला दशके जावी लागतात. गाठ कोठवर पसरली हे सीटीशिवाय कळले नसते, आणि ते कळले नसते तर झोत नेमका कोठे टाकायचा हेही ठरवता आले नसते. मला आक्षेप आहे तो वेगळ्या सवयीवर. जुनी फिल्म घरी राहिली, सीडी हरवली, दुसऱ्या रुग्णालयाला पहिल्याचा अहवाल पटत नाही, म्हणून महिन्याभरात तोच सीटी पुन्हा केला जातो. तरुणांच्या आणि मुलांच्या बाबतीत हे टाळलेच पाहिजे. सगळे अहवाल आणि सीडी एका पिशवीत ठेवून प्रत्येक भेटीला न्याव्यात. सोनोग्राफी आणि एमआरआय यांत आयनीकरण करणारे किरण नसतात, त्यांची गणती यात करू नये.

निसर्गाकडून मिळणाऱ्या मात्रेची कल्पना असली तर हे आकडे तोलता येतात. जगाची सरासरी माणशी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट आहे, आणि तिचा जवळजवळ निम्मा भाग जमिनीतून झिरपणाऱ्या रेडॉन वायूचा असतो. आपल्या प्रत्येकाच्या शरीरातील पोटॅशियममध्ये किरणोत्सर्गी पोटॅशियम-४० असते आणि त्यातून प्रौढ माणसात दर सेकंदाला चार हजारांवर अणू फुटत असतात. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसला आहे, ज्यात युरेनियम आणि थोरियम कमी असते. पूर्वेकडे नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीच्या बाजूला ग्रॅनाइट वर येतो, तेथे निसर्गतःच किरण थोडे अधिक. केरळमध्ये करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट वाळूतील थोरियममुळे काही वस्त्यांत याच्या कितीतरी पट मात्रा पिढ्यान्‌पिढ्या मिळत आली आहे, आणि तेथील सुमारे ७० हजार रहिवाशांच्या पाहणीत त्यामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. यावरून लहान मात्रा पूर्ण निरुपद्रवी असते असे म्हणण्यास मी तयार नाही. नियम करताना प्रत्येक मात्रेला थोडा धोका आहे असेच धरले जाते आणि ते योग्यच आहे. पण एका सीटीने झोप उडावी, असेही त्यात काही नाही.

टॉवरविषयी थोडक्यात. त्याच्या लहरी आयनीकरण करू शकत नाहीत. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम ऊती किंचित तापवणे हाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा गटात टाकले, म्हणजे पुरावा मर्यादित असला तरी शक्यता पूर्णपणे नाकारली नाही; भारताने २०१२ मध्ये टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश एवढी कडक मर्यादा ठरवली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण मात्र माहीत आहे. जवळजवळ सर्व रुग्णांत तो ह्यूमन पॅपिलोमा या विषाणूच्या वर्षानुवर्षे टिकलेल्या संसर्गातून होतो. त्याविरुद्ध लस उपलब्ध आहे, आणि घरात नऊ ते चौदा वर्षांच्या मुली असतील तर टॉवरविरुद्ध अर्ज करण्याआधी त्या लसीची चौकशी करावी.

आता भावाविषयी. शेवटी विचारलेला हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या घरात मोजमाप न केलेला किरणोत्सर्ग येण्याची वाट असलीच तर ती त्याच्या कामावरून आहे. रुग्णालयातील आम्हा सर्वांच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला असतो, तो दर तिमाहीला तपासला जातो, आणि पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट व कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आमच्यावर बंधनकारक आहे. भंगाराच्या ढिगात हात घालणाऱ्या कामगाराकडे असे काही नसते. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात हेच घडले: दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील वापरात नसलेले कोबाल्ट-६० चे उपकरण लिलावात विकले गेले, भंगारवाल्यांनी ते फोडले, कामगार आजारी पडले आणि त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोइयानिया शहरात ओसाड पडलेल्या दवाखान्यातील शेकाचे यंत्र दोघांनी उचलून नेले. त्यातील सीझियम-१३७ ची निळसर चमकणारी भुकटी लोकांनी कुतूहलाने घरोघरी वाटली, अंगाला लावली, आणि एका लहान मुलीसह चौघांचा बळी गेला. २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात ते द्रव्य आढळले. जालन्याच्या दृष्टीने आणखी जवळचे उदाहरण मेक्सिकोतील सिउदाद हुआरेझचे आहे. १९८३-८४ मध्ये तेथे शेकाच्या यंत्रातील कोबाल्टचे दाणे भंगारात गेले, भट्टीत वितळले, आणि त्यापासून झालेल्या सळया घरांच्या बांधकामात वापरल्या गेल्या.

अशा प्रसंगी अंतर आणि वेळ या दोनच गोष्टी कामगाराच्या हातात असतात. स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की मात्रा एक चतुर्थांश होते, आणि उलट हिशेबाने खिशात ठेवलेला स्रोत अंगाला अक्षरशः पोखरतो. पेरूमध्ये १९९९ साली एका वेल्डरने वेल्डिंगच्या सांध्यांची छायाचित्रे घेण्यासाठी वापरला जाणारा इरिडियमचा तुकडा सापडला म्हणून पँटच्या मागच्या खिशात टाकला. काही तासांत मिळालेल्या मात्रेमुळे त्याचा पाय कापावा लागला. त्या वेळी त्याला ना चटका बसला, ना वास आला.

तेव्हा भावाने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पिवळ्या पाटीवर मधल्या ठिपक्याभोवती तीन पाकळ्यांसारखे काळे किंवा जांभळट चिन्ह दिसले, आकाराच्या मानाने फारच जड असे शिशाचे डबे किंवा नळकांडी आली, रुग्णालय, प्रयोगशाळा किंवा तेलवाहिनीच्या कामावरून निघालेले बंद उपकरण आले, तर ते कापू नये, गॅसकटर लावू नये, हातात घेऊन पाहू नये. सगळ्यांना तेथून निदान तीस-चाळीस मीटर मागे घ्यावे, जागा दोरी लावून बंद करावी, आणि व्यवस्थापनामार्फत पोलिस व मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळ यांना कळवावे. आधी हात लावलेला असेल तर कपडे तेथेच उतरवून एका पिशवीत बांधावेत, साबण-पाण्याने अंघोळ करावी, आणि त्यानंतर काही तासांत उलट्या सुरू झाल्या किंवा काही दिवसांनी बोटांवर कारण नसताना फोड आले, तर डॉक्टरांना ‘भंगारात संशयास्पद वस्तू हाताळली होती’ हे स्वतःहून सांगावे, कारण सांगितल्याशिवाय कोणत्याही डॉक्टरला त्यावरून हे सुचणार नाही. कारखान्याच्या फाटकावर वजनकाट्याजवळ किरणोत्सर्ग शोधणारे यंत्र आहे का, आणि असल्यास ते चालू असते का, हे भावाने उद्याच पाहून यावे. यंत्र नसेल तर मालकांकडे तशी लेखी मागणी करण्यास संकोच करू नये. एक दूषित तुकडा भट्टीत गेला तर सगळा माल, भट्टी आणि राख यांची विल्हेवाट लावण्याचा खर्च त्या यंत्राच्या किमतीच्या कितीतरी पट होतो, आणि हा मुद्दा मालकांना लवकर पटतो.